दुखल्याशिवाय नाच अंगात मुरत नाही म्हणे!

जुनी_शिष्या:
काल दुसऱ्या धाग्यात 'समेवर' यांनी लिहिलं की हल्लीचे पालक क्लासमध्ये फार लुडबूड करतात, वॉर्म-अप म्हणजे वेळकाढूपणा आणि थोडं दुखल्याशिवाय नाच अंगात मुरत नाही. तिथेच दोन ओळी लिहिणार होते पण राहवलं नाही. अहो, दुखण्यादुखण्यात फरक असतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं वेगळं आणि नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ जाणं वेगळं. ते हाडाला बारीक चीर जात असल्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथे "सवय होईल" म्हणून आणखी तत्कार, म्हणजे कथकमधलं पाय आपटून करायचं पदकाम, करून घेतात. माझ्या बॅचमधल्या मैत्रिणीचं हेच झालं. कार्यक्रम जवळ आला म्हणून तालीम दुप्पट, खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी, सांगितलं तर "नाटकं करू नकोस". तिचा नाच सुटला तो सुटलाच. नाचातल्या बहुतेक दुखापती धाडकन पडून होत नाहीत, त्याच त्याच हालचालीचा भार साठत जाऊन होतात. मग तास एकदम वाढवायचे नाहीत, मध्ये विश्रांती द्यायची, हे शिकवणाऱ्याच्या हातात नाही तर कुणाच्या?

समेवर:
माझी पोस्ट नीट वाचा. अंग गरम करू नका असं मी म्हटलेलं नाही, तासातला अर्धा वेळ त्यात घालवू नका म्हटलं. आम्ही पण फरशीवरच शिकलो आणि अजून नाचतोय. आणि पालकांचं काय हो? मुलीला माझ्याकडे पाठवतात, शिवाय जिम्नॅस्टिक्स, शिवाय आणखी एक डान्स क्लास, आणि मला यातलं काही सांगत नाहीत. गुडघा दुखला की दोष माझा. वर प्रत्येक पालकाला मूल पहिल्या रांगेत पाहिजे.

मुलीची_आई:
तुम्ही नाचताय कारण तुमचे पाय टिकले. ज्यांचे नाही टिकले ते इथे लिहायला येत नाहीत. माझ्या मुलीला स्प्लिट येत नव्हता म्हणून मॅडम तिच्या पाठीवर दाब देऊन बसल्या, ती रडत होती. बसतो त्या हाडापाशी मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, अजून खुर्चीवर फार वेळ बसवत नाही तिला. ही लुडबूड वाटत असेल तर मी करणारच.

फिजिओ_इथेच:
दाबून बसवणं पूर्णपणे चूक. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागे राहतात, त्यामुळे कालपर्यंत लवचिक असलेलं मूल अचानक आखडतं. ते आळशी झालेलं नसतं. गुडघ्याखाली दुखरा उंचवटा दिसला तर उड्या आणि पूर्ण बैठक कमी करा. ताणाबद्दल पण सांगते: एकाच जागी मिनिटापेक्षा जास्त धरलेला ताण शेवटी ठेवा, सुरुवातीला दिला तर स्नायूची ताकद थोडा वेळ उतरते. आधी चालणं, पाय झुलवणं, हलक्या उड्या, दहा मिनिटं पुरतात. आणि अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यममधल्या गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत, पाऊल बाहेर नि गुडघा आत असेल तर पीळ गुडघ्यात जातो, वळण खुब्यातूनच यायला हवं. घोटा मुरगळला तर बर्फ लावा, पट्टी बांधा, चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे.

रियाजी:
बर्फ?? हे अजून चालू आहे का? १९७८ मध्ये ज्या डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र दिलं, त्यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. सूज ही शरीराची दुरुस्तीच असते.

फिजिओ_इथेच:
माहीत आहे मला. पहिल्या दिवशी कळ सहन होत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं कापडात गुंडाळून लावायला काय हरकत आहे? वेदना कमी होते, एवढाच त्याचा उपयोग, आणि तेवढाच मी सांगते.

रियाजी:
तुम्ही "कळ असेल तर" असं लिहिलं नव्हतं, सरळ "बर्फ लावा" लिहिलं होतं. लोक दिवसभर लावून बसतात, त्वचा भाजते.

समेवर:
बघा, तुमचंच एकमत नाही, आणि आम्ही शिक्षकांनी कुणाचं ऐकायचं?

फिजिओ_इथेच:
बर्फावर मतभेद आहेत म्हणून पाठीवर बसायला परवानगी मिळत नाही! खरा धोका वेगळाच आहे. बर्फाने किंवा स्प्रेने पाय बधिर करून त्याच संध्याकाळी मुलीला स्टेजवर ढकलतात, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो कारण तोल सांभाळण्याचा सराव कुणी करून घेत नाही. एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून, मग टाच उचलून. दुखऱ्या पायावर तोल न जाता उड्या मारता आल्या की मग परत घ्या.

रियाजी:
हे बरोबर आहे. बर्फाचं मात्र मला पटलेलं नाही.

समेवर:
तास एकदम वाढवू नयेत, ठीक आहे, मानतो. कार्यक्रमाच्या आधी आमच्याकडूनही ते होतं. पण पालकांनी बाकीच्या क्लासचं आणि जुन्या दुखापतीचं प्रवेश घेतानाच सांगितलं पाहिजे, ही माझी अट कायम आहे.

मुलीची_आई:
सांगू की. पण तुम्ही मुलांना दाबून बसवता का, याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

जुनी_शिष्या:
मी पण त्याचीच वाट बघतेय. हो की नाही, तेवढंच लिहा.