विषय: कॉलेज पार्कचं 'स्कॉलर्स' घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

धाकटीला मेरिलँड विद्यापीठात, म्हणजे कॉलेज पार्कला, कम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश मिळालाय. सोबत 'कॉलेज पार्क स्कॉलर्स'चं आमंत्रण आहे, विषय 'सायन्स, टेक्नॉलॉजी अँड सोसायटी'. कार्यक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी त्याच मुलांबरोबर कॅम्पसवरच्या केंब्रिज कम्युनिटीतल्या हॉलमध्ये राहायचं, शिवाय कलोक्वियमचा, म्हणजे चर्चेचा, छोटा तास आणि विषयाला धरून आणखी काही कोर्सेस. लेक म्हणते, "ऑनर्स (निवडक मुलांचा वेगळा कार्यक्रम) दिलं नाही म्हणून हे दिलंय." ह्यांचं म्हणणं, नसता व्याप कशाला. १ मेपर्यंत कळवायचंय. कुणाच्या मुलांनी केलंय का?

सौ. देशपांडे, एलिकट सिटी

---

वहिनी, अभिनंदन!

आमच्या वेळी हॉस्टेलला कसली आलीय थीम? मेसचं बिल वेळेवर भरलं की झालं. पदवी सीएसची, नोकरीही सीएसची. ट्रान्सक्रिप्टवर 'सायटेशन', म्हणजे असा कार्यक्रम पूर्ण केल्याची नोंद, आहे का, हे मुलाखतीत कोण विचारतो? तेवढ्या वेळात एक चांगला प्रोजेक्ट होईल.

ता. क. पाडव्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला चार जण हवेत. त्या मेलला अजून एकाचंही उत्तर नाही.

गोखले, रॉकव्हिल

---

गोखलेकाका, खुर्च्यांना मी येतो.

वहिनी, आमच्याकडे दोन्ही प्रकार होऊन गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोरला दुसऱ्या राज्यात शिकला, विद्यापीठाचं नाव घेत नाही. तिथे 'इंजिनिअरिंग थीम'चा मजला होता. दारावर गिअरचं चित्र आणि महिन्यातून एकदा पिझ्झा, बस्स. ना कोर्स, ना कुणी प्राध्यापक. नुसती पाटी लावून खानावळ चालत नाही. धाकटीने मात्र तुमच्या लेकीला मिळालंय तेच स्कॉलर्स केलं, विषय वेगळा. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो तो हा, की राहण्याला शिकण्याची जोड खरोखर आहे का? तास कोण घेतं, आणि ती व्यक्ती मुलांना एरवी भेटते का? स्कॉलर्सचं कार्यालय कंबरलँड हॉलमध्ये आहे, म्हणजे मुलं राहतात तिथेच. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकम असतं: संशोधन, इंटर्नशिप किंवा सेवाकार्य, यातलं काहीतरी स्वतः उभं करायचं. तीस हजारांहून जास्त पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये पहिल्या सेमिस्टरलाच नावानिशी ओळखणारा एक प्राध्यापक मिळणं ही साधी गोष्ट नाही. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ आली की ते कळतं.

कल्पना काही आजची नाही. विस्कॉन्सिनला अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये 'एक्सपेरिमेंटल कॉलेज' काढलं. मुलं आणि शिक्षक एकाच इमारतीत. पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स, दुसरं वर्ष आधुनिक अमेरिका. १९३२ मध्ये ते बंद पडलं, पण आजच्या या सगळ्या कार्यक्रमांचं मूळ तिथे सापडतं. मेरिलँडचं स्कॉलर्स १९९४ चं, म्हणजे काल उगवलेलं नाही.

"असली मुलं पुढे जास्त यशस्वी होतात" या वाक्याला मात्र भुलू नका. कॅरन इंकेलस यांनी अशा कार्यक्रमांची देशभर पाहणी केली होती आणि त्यातले निष्कर्ष बरेचसे अनुकूल आहेत. पण जी मुलं आपणहून असं काही निवडतात ती मुळातच हौशी असतात. श्रेय कार्यक्रमाला किती आणि मुलाला किती, हे वेगळं काढणं अवघड.

आता आपल्या मुलांची खरी अडचण. एपीचे (शाळेतच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सेसचे) ढीगभर क्रेडिट घेऊन जातात, जेन-एड (सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय) अर्धं भरलेलं असतं. स्कॉलर्सचे कोर्सेस एरवी जेन-एडमध्ये मोजले जाऊ शकतात. ती जागा एपीने आधीच भरली असेल, तर तेच कोर्सेस वरचा बोजा होतात. म्हणून एपीची यादी आणि सीएसचा चार वर्षांचा आराखडा शेजारी ठेवून एक संध्याकाळ बसा. ब्रोशर नंतर वाचा.

आणि ज्यांच्या मुलांना सीएस न मिळता 'लेटर्स अँड सायन्सेस' (मुख्य विषय अजून न ठरलेल्यांसाठी) मिळालंय त्यांच्यासाठी: सीएसला प्रवेश मर्यादित आहे. स्कॉलर्स घेतल्याने ते दार उघडत नाही.

ऑनर्स हुकलं म्हणून हिरमुसायचं कारण नाही. ऑनर्समधलं 'जेमस्टोन'च बघा ना, १९९६ पासून चालू आहे: चार वर्षं एकाच टीमबरोबर संशोधन आणि शेवटी प्रबंध. ज्याला ते मनापासून हवंय त्याच्यासाठी सोनं. नुसत्या नावासाठी घेतलं तर तिसऱ्या वर्षी जड जाईल. माझं मत, वहिनी: आराखड्यात बसत असेल तर स्कॉलर्स घ्या.

कदम, जर्मनटाऊन

---

नमस्कार काकू, मी कदमांची धाकटी. बाबांनी मेल फॉरवर्ड केला. मुलाखतीत सायटेशनबद्दल मला कुणीच विचारलं नाही, गोखलेकाका बरोबर आहेत. प्रॅक्टिकममध्ये काय केलं, ते मात्र प्रत्येक वेळी विचारलं. आणि सीएसचे मोठे कोर्सेस सुरू झाले की रात्री अकराला शेजारच्या खोलीत ओळखीचं कुणीतरी असणं फार उपयोगी पडतं. फक्त तिला स्वतःला विचारा. माझ्या मजल्यावर आईबाबांनी पाठवलेली मुलं कलोक्वियममध्ये मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसायची.

मृण्मयी

---

सगळ्यांचे आभार. काल एपीची यादी घेऊन बसलो. जेन-एडच्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत, त्यात विषयाचे कोर्सेस बसतील असं दिसतंय. सल्लागाराला मेल टाकलाय. ह्यांचा व्यापाचा मुद्दा तिथेच संपला. लेकीला प्रॅक्टिकमचं सांगितल्यावर तिने पहिल्यांदाच ती वेबसाइट स्वतःहून उघडली. मृण्मयी, तिला तुझा नंबर देऊ का? तिला रूममेट कसा निवडायचा ते विचारायचंय, आणि आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

गोखलेकाका, आम्ही दोघं खुर्च्यांना आहोत.

सौ. देशपांडे