दिवंगत वडिलांच्या सैन्यसेवेचा वृत्तांत जुळवण्यासाठी मदत हवी आहे

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना शौर्यपदक मिळालेले नव्हते आणि कोणत्या पुस्तकात त्यांचे नाव येण्याचेही कारण नाही, म्हणूनच त्यांची हकिकत मी लिहून ठेवावी असे मनापासून वाटते. लढाईविषयी विचारले की ते ‘ड्यूटी होती, केली’ एवढेच म्हणत आणि उठून जात.

त्यांच्या काळ्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पदकांची पट्टी आणि आईला लिहिलेली आंतरदेशीय पत्रे सापडली. पट्टीवर ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीवरील सेवेचे पदक), संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचे पदक आहे. त्यावरून ते १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजीही सेवेत होते, इतके नक्की करता येते. पत्रांवर मुक्कामाचे नाव कुठेच नाही, फक्त ‘९९ एपीओ’, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक. एका पत्रात लिहिले आहे, ‘बूट चार दिवस वाळले नाहीत, बाकी सर्व क्षेम.’ त्या ओळीखालचे दोन शब्द त्यांनी इतके गिरवून खोडले आहेत की कागद फाटला आहे.

अडचण अशी की डिस्चार्ज बुकात पलटणीचा आकडा ओल लागून पुसला गेला आहे आणि पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा व नाव एवढेच कोरलेले आहे. रेजिमेंटची पहिली, म्हणजे जंगी पलटण आताच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत होती हे मला ठाऊक आहे, परंतु पूर्वेकडे मराठ्यांच्या इतरही पलटणी होत्या आणि दुसऱ्यांनी लढलेली लढाई वडिलांच्या नावावर लिहिणे मला मुळीच पटत नाही. त्यांनाही ते आवडले नसते.

बदल्या, रजा, लग्न, मुलांचे जन्म या सगळ्याची नोंद पार्ट टू ऑर्डर या सैन्याच्या नोंदपत्रकात होत असे, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितले. तेव्हा बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून सेवेचा तपशील मागवण्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आईच्याच सहीचा अर्ज लागतो, की मुलगी म्हणून मीही तो करू शकते, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे. अर्जासोबत त्यांचा सैन्यातला नंबर, पीपीओची (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडणार आहे. आणखी काही लागते का, तसेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवल्यास उत्तर लवकर येते का? आणि त्या वर्षी पूर्वेला असलेल्या मराठा पलटणींपैकी कोणी हे वाचत असेल, तर आघाडीवरचा त्यांचा साधा दिवस कसा जात असे, पहाऱ्याच्या पाळ्या कशा लागत, पत्र लिहायला वेळ कधी मिळे, तेवढे तरी कळवावे.