मदत हवी आहे: टेन्सिओमीटर बसवले, पण पंप सवयीनेच सुरू होतोय

टेन्सिओमीटर (मातीतली ओल काट्यावर दाखवणारी पाण्याची नळी; आकडा जितका कमी, तितकी ओल जास्त) शेतकऱ्यांच्या शेतात 30 सेंमी खोलीवर बसवलेत. नळीत पाणी भरणं, हवा काढणं शेतकऱ्यांना जमतं. अडतं विश्वासापाशी: वरची माती भुरभुरीत दिसली की काटा 15 सेंटिबारवर, म्हणजे खाली चांगली ओल असतानाही पंप सुरू!

डायलवर रंगीत पट्टे चिकटवले. वाचन सोपं झालं, सवय तीच. रोजचे मेसेज आठवड्याभरात कुणी उघडेना. पाणीवापराची सरासरी कळवली, तर काटकसर करणारेही तिच्याकडे सरकले (हे व्हायचंच होतं). अनुदान वाढणार नाही, स्मार्टफोन सगळ्यांकडे नाहीत.

आता स्टार्टरवरच ‘आधी काटा बघा’ची नोंदपाटी अडकवावी, की ‘ठरलेल्या आकड्याखाली पंप लावणार नाही’ असं हंगामाआधी चारचौघांत कबूल करून घ्यावं? तिसऱ्या-चौथ्या पाळीनंतरही यातलं काय टिकतं?