थ्री-कुशनच्या विश्वचषक मालिकेने खेळ घडवला, की त्याचे दोन तुकडे केले?

तापीकाठ (जळगाव), धागाकर्ता

आपल्याकडे बिलियर्ड्स म्हटले की सहा खिशांचे बारा फुटी टेबल डोळ्यांसमोर येते. मी ज्या कॅरम बिलियर्ड्सविषयी लिहीत आहे, त्याच्या दहा फुटी टेबलाला एकही खिसा नसतो. चेंडू तीनच असतात, आणि आपल्या चेंडूने दुसऱ्या लक्ष्यचेंडूला भिडण्यापूर्वी किमान तीनदा कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, स्पर्श केला असेल, तरच एक गुण मिळतो. या थ्री-कुशन प्रकाराचे जागतिक अजिंक्यपद १९२८ मध्ये फ्रान्समधील रँस येथे सुरू झाले. तरीही खेळाचा खरा आधुनिक इतिहास १९८६ पासून, म्हणजे विश्वचषक मालिका सुरू झाल्यापासून मोजला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेल्जियमच्या रेमंड क्यूलेमन्स यांनी १९६३ ते १९७३ अशी सलग अकरा वर्षे अजिंक्यपद राखले. हा पराक्रम अचाट आहे, यात शंका नाही. परंतु वर्षातून एकदा भरणाऱ्या स्पर्धेवर कोणाचे घर चालत नाही. मालिकेने एका मोसमात निरनिराळ्या शहरांत स्पर्धा, ठरलेली बक्षिसे आणि सर्वांना दिसेल अशी गुणतालिका दिली, आणि त्यातूनच स्वीडनच्या टॉर्ब्यॉर्न ब्लोमदाल यांच्यासारखा केवळ या खेळावर जगणारा खेळाडू उभा राहिला. १९९० च्या आसपासची काही वर्षे तर जगज्जेता कोण, हे मालिकेच्या एकूण गुणांवरूनच ठरत असे. एका आठवड्याच्या नशिबापेक्षा मोसमभराच्या सातत्याला किंमत देणारी ती पद्धत मला आजही सर्वांत न्याय्य वाटते.

पांझरेचे पाणी (धुळे)

दादा, मालिकेने पैसा आणला हे मान्य. पण सातत्याला किंमत दिली, हे मला पटत नाही. मालिकेचा प्रत्येक सामना कसा खेळला जाई, ते आपण सांगितलेच नाही. पंधरा गुणांचा एक सेट आणि पाचांपैकी तीन सेट जिंकणारा विजयी, ही पद्धत दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला सोयीची होती. अव्वल खेळाडू एका पाळीला सरासरी दीड-दोन गुण करतो, म्हणजे पंधरा गुणांचा सेट आठ-दहा पाळ्यांत आटोपतो, आणि एवढ्या थोड्या पाळ्यांत दुबळ्या खेळाडूची एक लागलेली पाळी बलवानाला घरी पाठवू शकते. एकूण गुणांत कमी असलेला खेळाडू सेट जास्त जिंकून पुढे जाई, हे तर या पद्धतीत अटळच होते. अखेर सेट सोडून सलग गुणांच्या सामन्यांकडे परतावे लागले, यातच सर्व आले.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ही मालिका जागतिक महासंघाने नव्हे, तर बीडब्ल्यूए या स्वतंत्र व्यावसायिक संघटनेने उभी केली. १९५९ पासून खेळाचा कारभार पाहणारी यूएमबी, म्हणजे हाच जागतिक महासंघ, आणि ही नवी संघटना यांच्यात पुढे ओढाताण झाली, ती खेळाडूंना भोगावी लागली. आपण ज्याला आधुनिक इतिहासाचा आरंभ म्हणता, तो मला फुटीचा आरंभ दिसतो.

जंक्शनवाला (भुसावळ)

मला या वादात आशिया आणायचा आहे. हो ची मिन्ह सिटीत २०१५ मध्ये विश्वचषकाची फेरी भरली. २०१८ मध्ये त्याच शहरात त्रान क्वेत चिएन हे विश्वचषक जिंकणारे पहिले व्हिएतनामी खेळाडू ठरले. आणि २०२३ मध्ये अंकारा येथील जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दोन्ही खेळाडू व्हिएतनामचे होते. त्यात बाओ फुओंग विन्ह यांनी चिएन यांनाच हरवले. वर्षातून एकदाच आणि बहुतेक वेळा युरोपात भरणाऱ्या स्पर्धेने हे घडले असते का?

आप्पा (अमळनेर)

जंक्शनवाले भाऊ, तुम्ही बैलाआधी गाडी जोडता. फ्रेंच अमलामुळे व्हिएतनाममध्ये बिनखिशाची टेबले मालिकेच्या कितीतरी आधी पोहोचली होती. कोरियातही गल्लोगल्ली बिलियर्ड्सची दुकाने आधी होती, मोठ्या स्पर्धा नंतर आल्या, आणि मग २०१४ मध्ये सोलमध्ये चोई सुंग-वोन जगज्जेते झाले. जिथे टेबल होते तिथे मालिका गेली. मालिका गेली म्हणून टेबल आले नाही.

आपलेच उदाहरण घ्या. इंग्रजांनी आपल्याला खिशांचे टेबल दिले. स्नूकर जन्मला तो जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, म्हणजे भुसावळहून इटारसीमार्गे एका रात्रीच्या अंतरावर. विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, मागून मायकेल फरेरा आणि गीत सेठी आले. पण सर्व यश खिशांच्या टेबलावरचे आहे. इंग्लिश बिलियर्ड्समधला कॅनन, म्हणजे आपल्या चेंडूने इतर दोन्ही चेंडूंना लागण्याचा फटका, आपल्या खेळाडूंना उत्तम जमतो, तरी त्यांतले कोणी थ्री-कुशनकडे वळले नाही, कारण सराव करायला टेबलच नव्हते. उद्या कोणी विश्वचषकाची फेरी मुंबईत आणली, तर चार दिवस गर्दी होईल आणि पाचव्या दिवशी टेबले परत जातील.

पांझरेचे पाणी (धुळे)

आप्पा, त्यात एक अडचण राहिलीच. त्या टेबलाची दगडी फरशी खालून विजेने तापवतात, म्हणजे कापड कोरडे राहते आणि चेंडू लांब पळतो. वैशाखात आपल्याकडे तो खर्च वाचेल!

जंक्शनवाला (भुसावळ)

विनोद बाजूला ठेवू. टेबल आधी होते, हे मी मान्य करतो. पण ती टेबले व्हिएतनाममध्ये कित्येक दशके होती, तेव्हा जगज्जेता का निघाला नाही? गल्लीतल्या खेळाडूला ब्लोमदाल आणि नेदरलँड्सचे डिक यास्पर्स यांच्यासमोर उभे राहण्याची संधी मालिकेच्या पात्रता फेऱ्यांनी दिली. मालिकेची कमाई मी येथे मोजतो.

तापीकाठ (जळगाव), धागाकर्ता

सेटविषयीचा आक्षेप मला मोलाचा वाटतो. मोसमाचे गुण न्याय्य असले, तरी ते ज्या सामन्यांतून जमत, ते सामने आखूड होते. फुटीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. २०१९ मध्ये कोरियात पीबीए ही व्यावसायिक मालिका निघाली. तिने पुन्हा सेट आणले, आधी कुशनला लावून मग चेंडू गाठणाऱ्या फटक्याला दोन गुण दिले, आणि बेल्जियमचे फ्रेडरिक कॉद्रों यांच्यासारखे जगज्जेते तिकडे गेले. यूएमबीने तिकडे खेळणाऱ्यांना आपली दारे बंद केली. म्हणजे १९८६ मध्ये जी मालिका बंडखोर होती, ती आज महासंघाची अधिकृत मालमत्ता होऊन नव्या बंडखोरांना बाहेर ठेवते आहे. धुळ्याच्या मित्रांना विचारावेसे वाटते: फूट मालिकेने पाडली, की खेळाडूच्या पोटाचा विचार दर वेळी महासंघाबाहेरच्या माणसाने केला म्हणून ती पडली?

पांझरेचे पाणी (धुळे)

पोटाचा विचार महासंघाने उशिरा केला, हे मला मान्य आहे. परंतु २००१ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, क्यूलेमन्स पुन्हा जगज्जेते झाले ते महासंघाच्या अजिंक्यपदात. मालिकेचा एकही मोसम मला त्या विजयाच्या तोडीचा दाखवा, मग पुढे बोलू.