परदेशातल्या मुलांचं शिक्षण स्पॉन्सर करणं: मला शांत झोप लागते

खडूस_काका
काल पहाटवारा यांनी लिहिलं: 'केनियातल्या एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी उचललाय, तिचा फोटो फ्रिजवर लावलाय. परवडत असून जे करत नाहीत त्यांना रात्री झोप कशी लागते?' मला लागते. छान लागते. एवढंच लिहून गप्प बसणार होतो, पण खाली लोकांनी हात जोडायची रांग लावलेली बघून राहवलं नाही.

त्याच केनियात २००३ साली सरकारने प्राथमिक शाळेची फी काढून टाकली आणि एका वर्षात दहा लाखांवर मुलं वाढली. कुणाचा फोटो कुठेही न लावता. तिथल्याच बुसिया भागातल्या शाळांत जंताच्या गोळ्या वाटल्या, क्रेमर आणि मिगेल या अर्थतज्ज्ञांनी मोजलं तर गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने कमी. पण गोळी थँक्यू लेटर पाठवत नाही ना! आणि पैसे त्या एकाच मुलीला जातात असं वाटत असेल तर फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच मोठ्या संस्था ते सगळ्या वस्तीच्या कामात घालतात, फोटो फक्त गिऱ्हाईक गळाला लावायला.

पहाटवारा
काका, फी माफ झाली म्हणे. युनिफॉर्म, वह्या, बूट कोण देणार, तुमचा जंतवाला? आणि प्राथमिक संपल्यावर काय, खरी गळती तर तिथेच होते. वायडिक या अर्थतज्ज्ञाचा आणि मंडळींचा २०१३ चा अभ्यास वाचा, सहा देश, दहा हजारांवर लोक, स्पॉन्सर मिळालेली मुलं वर्ष ते दीड वर्ष जास्त शिकली. आणि गोळ्यांच्या त्या आकड्यांवरून नंतर संशोधकांमध्ये केवढी जुंपली ते का नाही सांगितलंत?

हिशेबनीस
तो अभ्यास एकाच संस्थेचा, कम्पॅशनचा. ती चर्चमार्फत चालते आणि तिथे शिकवणी, खाणं, डॉक्टर हे खरंच त्या त्या मुलाला मिळतं. सगळ्यांचे पैसे एकत्र करून विहिरी बांधणाऱ्या संस्थांना तो निकाल चिकटवू नका. आणि सगळ्याच संस्था धुतल्या तांदळासारख्या नाहीत, १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यून या अमेरिकन वर्तमानपत्राच्या लोकांनी स्वतः मुलं स्पॉन्सर करून बघितली तर मालीतली एक मुलगी वारल्यानंतरही पैसे घेणं चालूच होतं.
माझा राग मात्र वेगळाच. मी जिथे पैसे देतो तिथून गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं येतात, नको म्हणून मेल करकरून थकलो. त्या छपाईत किती पोरांच्या वह्या आल्या असत्या?

खडूस_काका
चर्च! आता आलं लक्षात.

हिशेबनीस
तुमच्या लक्षात नेमकं हवं तेवढंच येतं.

चिमणचारा
थँक्यू लेटरचा विषय निघालाच आहे तर, मी काही काळ ही पत्रं फुकट भाषांतर करून द्यायचे. सगळी एका साच्यातली, मी बरा आहे, माझा आवडता विषय गणित, खाली गाईचं चित्र. फोन नंबर असला तर खोडायचा, दप्तर मागितलं असेल तर ती ओळ गाळून संस्थेला कळवायचं. एका मुलाने लिहिलं होतं, 'मागच्या पत्रात तुम्ही मला काहीच विचारलं नाही, मग मी उत्तर कशाचं लिहू?'

पहाटवारा
मी दर वेळी विचारते हं.

खडूस_काका
पुरस्कार देऊया.

रानभूल
तुम्ही सगळे देणारे, मी घेणाऱ्यांतला. शनिवारी आम्हाला बसवायचे, ताई फळ्यावर लिहायच्या, 'मी मजेत आहे, यंदा पाऊस चांगला झाला', आम्ही उतरवून घ्यायचो, पाऊस झालेला नसला तरी. शेजारच्या पोराला वाढदिवसाला रंगपेटी यायची, मला छापील कार्ड, खाली नुसती सही. ती सही मी हुबेहूब करायला शिकलो होतो. घरटी एकच मूल घ्यायचे म्हणून धाकटा भाऊ यादीत नव्हता, त्याने आठवीत शाळा सोडली, अजून मला ऐकवतो.
म्हणून काका बरोबर? अजिबात नाही. फी थकलेल्यांना वर्गात उभं करायचे तेव्हा माझं नाव कधी आलं नाही. त्या सहीवाल्याने एक पत्र लिहिलं नाही पण दहावीपर्यंत पैसे थांबवले नाहीत. पत्र की पैसे, असं कुणी विचारलं तर मी पैसे घेईन.

पहाटवारा
वाचून डोळ्यात पाणी आलं.

रानभूल
पाणी राहू दे, तो फोटो काढा. धुतलेला युनिफॉर्म घालून, केस चापून बसवून, नीट उभा राहा म्हणून दटावून काढलेला असतो. पाहुण्यांना दाखवायला नसतो.

पहाटवारा
संस्थेनेच पाठवलाय! मग काय कपाटात ठेवू?

रानभूल
हो.

खडूस_काका
भाऊ राहिला, हेच तर मी घसा फोडून सांगतोय. शाळेलाच पैसे दिले असते तर दोघंही शिकले असते.

रानभूल
शाळेला दिले असते तर नवं छप्पर आलं असतं आणि दारावर देणाऱ्याच्या नावाची पाटी. फी तिथल्या तिथेच.

खडूस_काका
बरं बाबा, पाटीचं मान्य. बाकी काही मान्य नाही.

नवा_गडी
मधेच माझी नोकरी गेली तर त्या मुलाचं काय होतं?

चिमणचारा
दुसरा स्पॉन्सर शोधतात, मिळेपर्यंत सामायिक फंडातून भागवतात, निदान चांगल्या संस्था तरी. पण नवा माणूस का आला हे पोराला नीट कुणी सांगतंच असं नाही. तशी गोंधळलेली पत्रंही हातात आली आहेत. वर्षभराची खात्री नसेल तर एका मुलाचं नाव घेऊच नका, सरळ फंडात द्या.

पहाटवारा
आणि काका, तुमचे पैसे नेमके कुठे जातात?

खडूस_काका
जंताच्या गोळ्यांना.

पहाटवारा
पावती टाका.

खडूस_काका
रविवारी टाकतो.

हिशेबनीस
ते लोक रंगीत पत्रकं पाठवतात का, तेवढं विचारून ठेवा.