डिस्पोजलची जिप्सी: जुनं वायरिंग उपसून टाकायचं की सांभाळून घ्यायचं?

गिअरवाला_मावळ

लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी (एमजी४१३डब्ल्यू, सॉफ्ट टॉप) हातात आली की लोक आधी टायर आणि बंपर बघतात. माझं मत असं, की पहिला पैसा वायरिंगवर घालावा. तोही डागडुजीसाठी नाही. जुना हार्नेस (गाडीभर फिरणारा वायरींचा बांधलेला जुडगा) टोकापासून टोकापर्यंत काढून नवा बांधावा.

कारण सरळ आहे. या गाड्यांत नागरी जिप्सीपेक्षा जास्तीची सर्किटं असतात: ब्लॅकआउटचा (बाहेरचे दिवे एकदम बंद करायचा) स्विच, मागच्या डिफरन्शिअलच्या पांढऱ्या गोलावर उजेड टाकणारा कॉन्व्हॉय लाइट, ट्रेलरचं सॉकेट, रेडिओची पॉवर लाइन. लिलावाआधी उपकरणं उतरवतात आणि वायरी पकडीने तोडून तशाच सोडतात. त्यातल्या काही थेट बॅटरीवर असतात. चेसिसला टोक घासलं की धूर. त्यावर आधीच्या मेकॅनिकच्या टेपा, पिळलेले जोड, फ्यूजच्या जागी पाकिटातली चांदी (चकचकीत कागद) गुंडाळलेली. कुठून काय येतंय हे शोधत बसण्यात जेवढे दिवस जातात, तेवढ्यात नवा हार्नेस होतो.

पद्धत: जुना हार्नेस कापू नका, अख्खा बाहेर काढा. प्रत्येक टोकाला नंबराची चिठ्ठी. प्लायवुडच्या फळीवर पसरून वळणाच्या जागी खिळे ठोका, त्याच खिळ्यांवरून नवा ओढा. पॅनेल बारा ब्लेड फ्यूजचं घ्या, तीन-चार जागा मोकळ्या राहू द्या. १ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीला १० अँपिअरचा फ्यूज, १.५ ला १५, २.५ ला २०, ४ ला ३०. फ्यूज वायर वाचवायला असतो, बल्ब वाचवायला नाही. बॅटरी जोडण्याआधी पॉझिटिव्हमध्ये २१ वॉटचा बल्ब सिरीजला लावा. सगळं बंद असताना तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. नंतर मीटरने गळती मोजा, ५० मिलीअँपिअरच्या खाली हवी.

तांब्याची_तार

चिठ्ठ्या आणि सिरीज बल्ब, दोन्ही मान्य. बाकी सल्ला कार्ब्युरेटरच्या गाडीपुरता ठेवा. एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीत तो उपद्रवी ठरेल.

इंजिनाचा हार्नेस हा वेगळा जीव आहे. त्यात ऑक्सिजन सेन्सरसारखे एका व्होल्टपेक्षा कमी सिग्नल जातात, इसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) स्वतःची अर्थिंग असते, मेन रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) आणि पंपाचा रिले असतो. फळीवर खिळे ठोकून ते पुन्हा बांधायचं, आणि मग गाडी गरम झाल्यावर का अडखळते हे महिनाभर शोधायचं. मूळ कपलर, मूळ पिना आणि कारखान्याचं क्रिम्पिंग (दाबून केलेले जोड) बाजारातल्या कामापेक्षा चांगलं असतं. काळवंडली असते ती पिन, तांबं बहुधा शाबूत असतं.

डिस्पोजलच्या गाडीतल्या दहा इलेक्ट्रिकल तक्रारींपैकी सात-आठ तरी अर्थिंगच्या असतात. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटणं, हॉर्न मारला की हेडलाइट दबणं, सेल्फ कधी घेणं कधी नुसतं टक् करणं. बॉडी चेसिसवर रबरी माउंटवर बसलेली असते, म्हणजे बॉडीला अर्थ फक्त पट्टीतून मिळते. ती पट्टी कुजली की करंट मिळेल त्या वाटेने घरी जातो, कधी क्लचच्या केबलमधून.

तपासणी दहा मिनिटांची. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीवर नाही), लाल इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर आलं तर पट्टी बदला. मग लाल प्रोब बॉडीवर धरून सगळे दिवे लावा, ०.१ च्या वर नको. इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी, बॅटरी ते बॉडी, तिन्ही ठिकाणी १६ स्क्वेअरची नवी केबल द्या. लगाखालचा रंग घासून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस. हे करा आणि मग सांगा, हार्नेस खरंच उपसायचा आहे का.

गिअरवाला_मावळ

अर्थिंगबद्दल वाद नाही. एमपीएफआयचा इंजिन हार्नेस ठेवावा हेही मान्य, मी ते स्पष्ट लिहायला हवं होतं. पण डॅशच्या मागचं आणि मागच्या दिव्यांपर्यंतचं काय? तिथे ब्लॅकआउट स्विच मालिकेत बसलेला असतो. तो खराब झाला की टेल लाइट, ब्रेक लाइट सगळंच बेभरवशाचं. आणि हेडलाइटचा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचच्या काडीतून फिरतो. ५५/६० वॉटच्या जागी ९०/१०० चे बल्ब टाकले की काडी वितळलीच समजा. नवा हार्नेस बांधताना रिले आपोआप येतात.

तांब्याची_तार

रिले लावायला हार्नेस उपसावा लागत नाही, आणि इथेच तयार किटवाले फसतात. जुन्या सुझुकीच्या मांडणीत हेडलाइटचा स्विच बऱ्याचदा निगेटिव्ह बाजू जोडतो-तोडतो. आधी तपासा: हेडलाइट बंद, कपलर काढलेला, लाल प्रोब कॉमन पिनेवर, काळी बॉडीवर. १२ व्होल्ट दिसले तर निगेटिव्ह स्विचिंग.

अशा गाडीत रिलेच्या कॉइलची ८५ नंबरची पिन सवयीने बॉडीला दिली तर रिले ओढणारच नाही. कॉइल जुन्या कपलरच्या कॉमन आणि लो किंवा हाय पिनेच्या मध्येच हवी. रिलेत डायोड असेल तर दिशा उलटी लागून फ्यूज उडतो, म्हणून साधा, डायोड नसलेला घ्या. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीहून ४ स्क्वेअर, बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज. ८७ नंबरच्या पिनेवरून प्रत्येक दिव्याला २.५ स्क्वेअर. लोला एक रिले, हायला एक. दिव्याची अर्थही २.५ चीच. ती विसरून पॉझिटिव्ह जाड करणारे खूप.

फरक किती पडतो? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्के जातो. म्हणून ५५/६० वॉटच्या बल्बला पूर्ण व्होल्टेज द्या, १०० वॉटची गरज उरत नाही. डॅशमागचं म्हणाल, तर ब्लॅकआउट स्विच काढायचा, त्याच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर मीटरने ओळखून सीलबंद क्रिम्पने जोडायची. मेलेल्या वायरी जिथून निघतात तिथे तोडून टोकाला गोंदवाली श्रिंक स्लीव्ह. रविवारी होणारं काम आहे हो.

मागचा_बाक

तुम्ही दोघे बॉनेटमधून बाहेर येणार असाल तर आतल्या भागाकडे वळू. खरा त्रास तिथे आहे. आडव्या बाकांवर पोरंबाळं तासभर बसली की पाठीचा भुगा. ऐंशीच्या वेगात बोलणं ऐकू येत नाही. माझा आग्रह: मागे समोर तोंड करून दोन जणांची सीट, तिला पट्टे, आणि फरशी, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), चाकांच्या कमानी यांवर २ मिमीचं ब्युटाइल (चिकटवायचं रबरी शीट), वर फोम, वर कार्पेट. फायबरचा हार्डटॉप बसवला तर चारचौघांसारखी गाडी होते.

खारावारा

कार्पेट सोडून काहीही घाला! सॉफ्ट टॉप गाडीत पाणी येतंच. काचेच्या फ्रेमखालून येतं, दारांच्या चेनमधून येतं, फायरवॉलच्या तुटक्या ग्रोमेटमधून येतं. कोकणात जूनला ओलं झालेलं कार्पेट दसऱ्याला सुकतं, आणि खालचा पत्रा तोवर चाळणी. फेल्ट, ओपन सेल फोम, सुतळीची चटई, सगळं पाणी धरून ठेवतं.

आधी रबर मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकत जा. जिथे खणखणीत वाजत नाही तिथे गंज. पाहायच्या जागा: बॅटरी ट्रेच्या खाली, पायाच्या खोलगट भागाचा पुढचा कोपरा, बॉडी माउंटच्या वर, मागच्या कमानी फरशीला मिळतात ती शिवण. सैल गंज तारेच्या ब्रशने काढून चकचकीत पत्रा, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, शिवणींत पीयू सीलंट, वर बेडलायनर (जाड, चिवट रंगाचा थर). फरशीतली रबरी बुचं काढण्याजोगी ठेवा. बेडलायनर मारताना ती बुजवणारे महाभाग आहेत, मग गाडीचा टब होतो. वर ईव्हीएची (फोमसारख्या रबराची) मॅट, उचलून झटकता येणारी.

ब्युटाइलचं ऐका. २ मिमीचं शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरतं. ते पत्र्याची थरथर थांबवतं, बस. जिप्सीतला आवाज ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा), टायरचा आणि फडफडणाऱ्या हूडचा. कापडाच्या हूडचा आवाज फरशीवर डांबर थापून कसा थांबेल? सपाट पत्र्याच्या मधल्या पाव भागावर पट्टे लावले तरी पुरतं. गिअर लिव्हरचे फाटके रबरी बूट बदला, त्याने जास्त फरक पडेल.

मागचा_बाक

क्लोज्ड सेल फोम पाणी धरत नाही, एवढं तरी द्या. ६ मिमीचा क्रॉसलिंक्ड घेतला आणि कडा सील केल्या तर फायरवॉलवर चालतो. इंजिनाची उष्णता पायाला कमी लागते. फरशीवरचं कार्पेट मागे घेतो.

खारावारा

फायरवॉलवर चालेल. फरशीवर मात्र चिकटवू नका. खाली काय चाललंय ते दिसायला हवं.

तांब्याची_तार

सीटसाठी भोकं पाडणाऱ्यांना एक सूचना: जिप्सीच्या मागच्या फरशीखाली पेट्रोलची टाकी आहे. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली शिरून जागा बघा, बिटाला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. वेल्डिंग करायचं तर टाकी उतरवूनच, आणि बॅटरीचे दोन्ही लग व इसीयूचा कपलर काढून. अर्थचा क्लॅम्प वेल्डजवळच लावा.

पट्ट्यांबद्दल: नुसत्या पत्र्याला वॉशर लावून आवळलेला पट्टा धडकेत वॉशरसकट वर येतो. खालून किमान ३ मिमीची, तळहाताएवढी, कडा गोल केलेली प्लेट हवी. बोल्ट ७/१६ इंची, इंचाला वीस आट्यांचे, पट्ट्यांसाठीचेच. आणि पुढे दुसऱ्या गाडीची सीट घालताना उंची मोजा. बहुतेक कारच्या सीट रुळांसकट तीन-चार सेंटिमीटर उंच बसतात, मग गुडघा स्टीअरिंगला आणि डोळे काचेच्या वरच्या पट्टीला.

आरसी_बुक

कागदाचं कोणी बोलत नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतली माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं आहे. आसनसंख्या आरसीवर असते, बॉडीचा प्रकारही असतो. सॉफ्ट टॉपची हार्डटॉप करणं म्हणजे नुसती ‘ॲक्सेसरी’ नव्हे. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, मग फायबरवाल्याला ॲडव्हान्स द्या.

रंग: केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. ‘ओरिजिनल लुक’ म्हणून तो ठेवू नका. इंजिनाची खोली आणि डॅशचा पत्रा रंगवायचा तर वायरिंग उतरलेलं असतानाच रंगवा. या एका मुद्द्यावर गिअरवाल्यांची बाजू मजबूत आहे.

गिअरवाला_मावळ

धन्यवाद, हा मुद्दा मला सुचला नव्हता!

आता दुसरी बॅटरी. कॅम्पिंगचा फ्रिज लावायचा म्हटलं की जुन्या वायरिंगवर भागणार नाही.

तांब्याची_तार

फ्रिजचा जुन्या वायरिंगशी संबंधच येऊ देऊ नका. आधी बेरीज करा. रात्री पावसात हेडलाइट १० अँपिअर, वायपर ५, ब्लोअर ८, इग्निशन आणि पंप १०. झाले ३३. अल्टरनेटरच्या पट्टीवरचा आकडा वाचा. निवांत चालीत, म्हणजे आयडलला, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. ट्रॅफिकमध्ये तुम्ही आधीच बॅटरी खाताय.

४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज चालताना पावणेचार अँपिअर घेतो, निम्मा वेळ चालला तर बारा तासांत साधारण २३ अँपिअर-तास. लेड ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणून ५० ते ६० एएचची बॅटरी बास. मध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले: १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. १६ स्क्वेअरची केबल, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या जवळ प्रत्येकी ६० चा फ्यूज. एकाच टोकाला फ्यूज लावतात, ती चूक. केबल घासली तर दोन्हीकडून करंट येतो. लिथियम घ्यायची असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर, २० अँपिअरच्या वर नको. नुसत्या रिलेवर ती बॅटरी अल्टरनेटरला एवढं ओढते की डायोड जळतात. विंच मुख्य बॅटरीवरच, इंजिन चालू ठेवून.

बॅटरीची जागा सीटमागे. बंद खोका नको, गॅस बाहेर जायला नळी हवी. पट्टी लोखंडी, मध्ये रबर.

खारावारा

आणि घरगुती वायरीची रिळं आणू नका. पीव्हीसीची साधी हाउस वायर ७० अंशांची असते, एक्झॉस्टजवळ वितळते. १०५ अंशांची ऑटो वायर नाना पेठेत सहज मिळते. लग सोल्डर करू नका, रॅचेटवाल्या पकडीने क्रिम्प करा. सोल्डर जिथे संपतं तिथेच थरथरीने तार तुटते. बॉनेटमध्ये पन्हाळी नळी, केबिनमध्ये कापडी टेप. चिकट काळी टेप मे महिन्यात ओघळते.

गिअरवाला_मावळ

ठीक. माझं सुधारित मत: इंजिनाचा हार्नेस मूळ, फ्रिज-रेडिओचं वेगळं पॅनेल. पण डॅश ते मागच्या दिव्यांचा भाग मी तरी नवाच ओढेन.

तांब्याची_तार

ओढा. त्यात आधी किती पिळलेले जोड सापडतात ते मोजा. पाचपेक्षा कमी निघाले तर परत गुंडाळून ठेवा.