मदत हवी आहे : पणजी-मडगावच्या आरोग्याची परदेशातील शहराशी तुलना कशी करावी?

नमस्कार. मी संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून फोंड्याला राहतो. येथील काही डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक मिळून मधुमेह व हृदयविकार यांवर लोकांसाठी मराठी पुस्तिका काढत आहेत आणि तिच्यातील आकड्यांचे काम माझ्याकडे आहे. पणजी आणि मडगाव यांची पुण्याशी आणि पोर्तुगालमधील कोइंब्रा या शहराशी तुलना करणारे कोष्टक मी तयार केले होते. ते बैठकीत दाखवले तेव्हा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात (गोमेकॉत) अनेक वर्षे नोकरी केलेल्या एका परिचारिकाबाईंनी विचारले, "पणजीची जी माणसे गोमेकॉत वारतात, ती तुम्ही कुठे धरलीत?" त्याच दिवशी मी ते कोष्टक मागे घेतले.

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे होते, आणि बांबोळी पणजी महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे पणजीचा रहिवासी बांबोळीला वारला, तर पणजीच्या आकड्यांतून तो वजा होतो आणि शहर आहे त्यापेक्षा निरोगी दिसते. मडगावचे नेमके उलट आहे. दक्षिण गोव्याचे जिल्हा इस्पितळ तेथे असल्याने सांगे, केपे, काणकोण येथून उपचारांसाठी आलेल्यांचे मृत्यूही मडगावच्या खाती पडतात. दोडामार्ग-सावंतवाडीहून गोमेकॉत येणारे रुग्ण तर गोव्याचेही नव्हेत. पोर्तुगालची सांख्यिकी संस्था मात्र मृत्यूंची कोष्टके मृत व्यक्तीच्या राहत्या नगरपालिकेनुसार देते. असे दोन आकडे शेजारी मांडणे म्हणजे वाचकाची फसवणूक करणे होय, आणि ज्या पुस्तिकेवर विश्वास ठेवून माणसे औषधपाण्याचे निर्णय घेणार आहेत, तिच्यात मला ते मुळीच नको आहे.

दुसरा प्रश्न शहराच्या सीमेचा आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ४० हजार, तर आसपासच्या वस्तीसह ती सुमारे १ लाख १४ हजार आहे. गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरते, पण तिच्यापैकी पुष्कळ माणसे अशा गावांत राहतात जी जनगणनेच्या लेखी शहरे आहेत आणि कारभाराच्या दृष्टीने पंचायती. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत एक चौरस किलोमीटरचे चौकोन घेतात. ज्यांत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे आहेत, अशा सलग चौकोनांची एकूण वस्ती ५० हजारांच्या वर गेली की त्याला शहर म्हणतात. वाड्यावाड्यांतून, नारळी-बागायतींतून पसरलेल्या आमच्या वस्तीला हे माप लावावे का?

वयाचे प्रमाणीकरण, म्हणजे सर्व ठिकाणी वयोगटांची एकच रचना धरून दर काढणे, करावे लागणार, हे मला ठाऊक आहे. २०११ मध्ये साठीच्या पुढची माणसे गोव्यात ११.२ टक्के होती आणि देशात ८.६ टक्के. पोर्तुगालमध्ये २०२१ च्या जनगणनेत ६५ वर्षांवरचेच २३ टक्क्यांहून अधिक भरले. जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या घ्यावी, असे मी योजले आहे. पण ४० हजारांच्या शहराचे वयोगट पाडले की काही गटांत वर्षाकाठी दोन-तीनच मृत्यू उरतात आणि मृत्युदर दरवर्षी वर-खाली उड्या मारतो. अप्रत्यक्ष पद्धत (प्रत्यक्ष मृत्यूंना प्रमाण दरांनुसार अपेक्षित मृत्यूंनी भागणे) वापरली तर दोन शहरांच्या गुणोत्तरांची आपसांत तुलना करता येत नाही. यातून मार्ग कोणता?

मधुमेहाचे आकडेही तपासून द्यावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरील आयसीएमआर-इंडिआब अभ्यासात (२०२३) गोव्यात २६.४ टक्के आणि देशात ११.४ टक्के असे प्रमाण आले. ते २० वर्षांवरील व्यक्तींचे असून त्यासाठी ग्लुकोज पाजून चाचणी केली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांपासूनची माणसे आहेत आणि कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्ताची साखर मोजली आहे. हे दोन्ही एका स्तंभात येऊ नयेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद

सर, मृत्यू अहवालाच्या नमुना क्रमांक २ मध्ये मृत्यूचे ठिकाण आणि मृत व्यक्तीचे राहते गाव किंवा शहर यांचे रकाने वेगवेगळे आहेत. राहत्या ठिकाणानुसार कोष्टक मिळावे, असा अर्ज नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाकडे करून पाहावा. तोवर शहराऐवजी तालुका हे एकक घ्या. पणजी आणि बांबोळी दोन्ही तिसवाडीतच येतात, त्यामुळे निम्मा घोळ तिथेच मिटतो. बाहेरून आलेले रुग्ण तेवढे उरतील. पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा, मात्र २०२० आणि २०२१ वेगळी ठेवा. कोइंब्राशी पणजीची तुलना करण्याचा आग्रह मी धरणार नाही. तेथेही मोठे विद्यापीठ-इस्पितळ आहे हे खरे, परंतु कोइंब्राची तुलना संपूर्ण गोव्याशी केली तर छोट्या आकड्यांची अडचण राहत नाही. पुण्याबाबत मृत्यूची कारणे जपून वापरावीत. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते, गोव्यात हे प्रमाण १०० टक्के दाखवले आहे. तरीही "हृदयक्रिया बंद पडल्याने" एवढेच लिहिलेले दाखले बाजूला काढून मोजा, नाहीतर हृदयविकार फुगलेला दिसेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. तालुक्याची सूचना मी स्वीकारतो आणि नमुना २ साठी या आठवड्यातच अर्ज करतो. त्या रकान्यावरून मात्र एक शंका आली. बांधकामावर आणि मासेमारीच्या ट्रॉलरवर काम करणारी माणसे भाड्याच्या खोलीत वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यापैकी कोणी वारला की नातेवाईक राहते गाव म्हणून ओडिशातले किंवा कर्नाटकातले मूळ गाव सांगतात. जनगणनेत तो गोव्यात मोजला गेला असेल, तर दराच्या भागाकारात खाली (लोकसंख्येत) तो आहे आणि वर (मृत्यूंत) नाही. ज्यांना वेळेवर तपासणी मिळत नाही, नेमकी तीच माणसे अशी गळतात. त्यांचे मृत्यू मोजण्याची पद्धत कोणी वापरली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.